शाळेचें आवार आणि देशी मधमाशा

मधमाशी म्हटली कीं आपल्या शेतकऱ्याच्या मनांत दोन गोष्टी उभ्या राहतात, मध आणि डंख. मधासाठीं तो पोळें शोधतो आणि डंखाच्या भयानें तें जाळतो. तिचें तिसरें काम या दोहोंपेक्षां पुष्कळ मोठें असूनहि त्याच्या जमाखर्चांत कोठेंच लिहिलें जात नाहीं. एका फुलांतील पराग दुसऱ्या फुलास पोंचवून फळ व बीं धरविणें हें तें काम होय. हें काम करणाऱ्या माशांपैकीं बहुसंख्य जाती मध सांठवीत नाहींत, आणि म्हणून त्यांच्याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. अशा माशांना आज गांवांत थारा कोठें उरला आहे याचा शोध केल्यास उत्तर थोडें अनपेक्षित येतें. तें म्हणजे गांवच्या प्राथमिक शाळेचें आवार. हा थारा कसा टिकवावा, आणि त्यांत शिक्षकांपेक्षां गांवकऱ्यांचा वांटा अधिक कां आहे, हें सभासदांपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

देशी माशा कोणत्या

पोळें करणाऱ्या माशा बहुतेकांस ठाऊक आहेत. आग्या ही सर्वांत मोठी. उंच झाडाच्या फांदीस, कड्यास किंवा पाण्याच्या टाकीखालीं तिचें एकच मोठें उघडें पोळें लोंबतें. फुलोरी ही लहान. झुडपांत तळहाताएवढें पोळें करते. सातेरी अंधाऱ्या पोकळींत, म्हणजे झाडाच्या ढोलींत, वारुळांत किंवा भिंतींत, एकाशेजारीं एक अशीं अनेक पोळीं बांधते, आणि म्हणूनच ती पेटींत पाळतां येते. महाबळेश्वरच्या डोंगरांत जांभूळ, हिरडा, गेळा व कारवी यांचा मध जी माशी देते ती हीच. पेटींतून पाळली जाणारी दुसरी माशी इटालियन होय. ती १९६२ सालीं, त्या वेळच्या पंजाबांत व आतां हिमाचल प्रदेशांत असलेल्या नगरोटा येथें, प्रथम यशस्वीपणें वसविली गेली. ती येथली नव्हे.

चौथी माशी मात्र फार थोड्यांनीं निरखून पाहिलेली असते. ती जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीची, काळसर, चिलटासारखी दिसणारी असून तिला डंख नसतो. प्रांतोप्रांतीं तिला वेगवेगळीं नांवें आहेत. येथें आपण तिला बिनडंखी माशी म्हणूं. जुन्या दगडी भिंतीच्या सांध्यांतून मेण व झाडाचा चीक यांची केलेली एक लहानशी नळी बाहेर आलेली दिसते, तें तिच्या घराचें दार. दाराशीं चारदोन पहारेकरी माशा सदैव बसलेल्या असतात. आंत षट्कोनी घरांऐवजीं मेणचिकाचीं लहान लहान गाडगीं असून त्यांत मध व पराग भरून ठेविलेला असतो. छेडल्यास ही माशी केंसांत व कानांत शिरते, बारीक चावा घेते, याहून अधिक अपाय तिच्याकडून होत नाहीं.

याखेरीज एकएकट्या राहणाऱ्या माशांचा मोठा वर्ग आहे. जगांत मधमाशांच्या वीस हजारांहून अधिक जाती मोजल्या गेल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक एकाकीच आहेत. वाळक्या बांबूंत किंवा जुन्या वाशांत गोल भोंक पाडणारा काळानिळा भुंगा त्यांपैकीं एक. पोटावर निळसर पट्टे असलेली, मऊ मातीच्या भिंतींत वा जमिनींत बीळ करणारी माशी दुसरी. गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाच्या कडेवरून चांदीच्या दुअन्नीसारखी गोल चकती कातरून नेणारी पानकातरी तिसरी. पानांस अशीं गोल कातरणें दिसलीं कीं आपले बांधव कीड पडली असें समजून औषधाचा डबा काढतात. वास्तविक ती माशी पान खात नाहीं. अंडें घालण्याच्या कोठडीस आंतून अस्तर लावण्यासाठीं चकत्या नेते, आणि त्याच तुरीच्या फुलाची मिटलेली पाकळी आपल्या भारानें उघडून पराग फिरविते. गांधीलमाशी व मातीचें घर करणारी कुंभारीण या मात्र मधमाशा नव्हेत, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. कारण त्यांच्या अपराधाची शिक्षा पुष्कळदां मधमाशांस भोगावी लागते.

पिकाशीं संबंध

ज्वारी, गहूं, भात यांस माशांची गरज नाहीं, आणि ऊस तर आपण कांड्यांपासून लावतों. म्हणूनच माशांचा प्रश्न आपणांस दूरचा वाटतो. परंतु ज्यांच्यावर आज रोख पैसा मिळतो तीं पिकें पहा. कांद्याच्या बियांच्या प्लॉटांत गोंड्यांतील एकेका फुलाचे परागकोश आधीं फुटतात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. दुसऱ्या फुलाचा पराग कोणीतरी आणून दिल्यावांचून बीं भरत नाहीं. काकडी, कारलें, तांबडा भोपळा, कलिंगड यांचीं नर व मादी फुलें निराळीं असतात, तेथें तर वारा मुळींच उपयोगी पडत नाहीं. सूर्यफूल, कारळा, शेवगा, कोथिंबिरीचें बीं, हीं सर्व थोड्याबहुत प्रमाणांत माशांच्या भरंवशावर आहेत.

वांग्याची गोष्ट विशेष मनोरंजक आहे. वांग्याच्या परागकोशास फक्त टोंकाशीं बारीक छिद्र असतें. मीठदाणी हलविल्यावांचून मीठ पडत नाहीं तसा तो हलविल्यावांचून पराग सोडीत नाहीं. भुंगा व निळ्या पट्ट्यांची माशी फुलास मिठी मारून छातीचे स्नायू थरथरवितात, आणि पराग अंगावर सांडतो. त्या वेळीं होणारा घूंऽऽ असा आवाज सकाळच्या शांततेंत दोन हातांवरून ऐकूं येतो. सातेरीला किंवा इटालियन माशीला ही विद्या नाहीं. म्हणजे मधाच्या पेट्या भाड्यानें आणून शेतांत ठेवणाऱ्यासहि भुंगा हवाच आहे. एकाच जातीवर विसंबणें किती धोक्याचें आहे याचा दाखला म्हणून १९९१ नंतरचीं वर्षें आठवावीं. दक्षिण भारतांत थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगानें सातेरीच्या बहुसंख्य वसाहती त्या काळांत बुडाल्या.

शाळेचेंच आवार कां

शेतांत औषध फवारलें जातें, बांध नांगरून अरुंद झाले आहेत, कुंपणाच्या जिवंत वयांच्या जागीं तार आली आहे. घरें सिमेंटचीं झालीं. देवराई असेल तर ती गांवापासून दूर. गांवाच्या मध्यभागीं औषधाचा पंप कधीं न फिरणारी, कोणा एकाची नसून सर्वांची असलेली, थोडीबहुत झाडें व उघडी जमीन असलेली जागा पाहूं गेल्यास ती शाळाच निघते. शाळांतून परसबागेची चालहि आतां रुळली असून दुपारच्या आहारास तेथील भाजी येते. बिनडंखी माशी आपल्या घरापासून कांहीं शें मीटरच जाते, एकाकी माशाहि फार दूर जात नाहींत. त्यामुळें शाळेभोंवतीचे मळे व शाळेचें आवार यांचा संबंध अगदीं शेजारधर्माचा आहे.

आणि नेमकें हेंच आवार आज सुधारणेच्या नांवाखालीं माशांना बंद होत आहे. दुरुस्तीचा निधि येतो, गवंडी येतो, आणि जुन्या दगडी भिंतीचे सारे सांधे सिमेंटनें बुजवून रंग दिला जातो. आग्या किंवा सातेरी यांना त्रास झाला तर त्या जागा सोडून जातात. बिनडंखी माशीला तें शक्य नसतें. तिची राणी एकदां अंडीं घालूं लागली कीं पोट जड होऊन तिला उडतां येत नाहीं. जी वसाहत कदाचित् दहापंधरा वर्षें त्या भिंतींत नांदत होती ती एका थापीसरशीं जिवंत चिणली जाते, आणि कोणाला कळतहि नाहीं. पुढें अंगणांत पेव्हर ब्लॉक बसतात, व जमिनींत बीळ करणाऱ्या माशांचें घर जातें. मग वाळकीं लांकडें व बांबू स्वच्छतेसाठीं जाळले जातात, आणि भुंगा जातो. शोभेसाठीं खोटा अशोक व बोगनवेल लावतात. त्यांत माशीच्या उपयोगाचें फारसें कांहीं नाहीं. हें सर्व कोणी दुष्टपणानें करीत नाहीं. शाळा नीटनेटकी दिसावी एवढीच इच्छा असते. परंतु नीटनेटकेपणाची आपली कल्पना जरा शहरी होत चालली आहे, असें आम्हांस वाटतें.

मुलांचें रक्षण

पालकांची शंका पहिली हीच असणार, आणि ती रास्त आहे. म्हणून स्पष्ट सांगतों कीं आग्या माशीचें पोळें लहान मुलांच्या वर्गावर किंवा खेळाच्या जागेवर असूं नये. तें दिसतांच मुलांना तिकडे जाऊं देऊं नये, दगड, धूर व फटाके यांस सक्त मनाई करावी, आणि मध काढण्याचें शिक्षण घेतलेल्या माणसाकडून रात्रीच्या वेळीं तें हलवून घ्यावें. जाळूं नये, जाळण्यांत माशा मरतात आणि उरलेल्या पिसाळतात. सातेरीची पेटीहि शाळेंत ठेवण्याची घाई करूं नये. शाळेंत पेटी ठेवून मध विकावा ही कल्पना ऐकावयास गोड असली तरी तपासणीस येणारा माहीतगार मनुष्य व सुटींतील देखरेख यांवांचून ती टिकत नाहीं. मधाचा धंदा ज्यांना करावयाचा आहे त्यांनीं तो गांवाच्या अंगानें करावा. महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें गांव २०२२ मध्यें ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें, तेथें घरोघरच्या लोकांचा या कामांतील जुना अनुभव पाठीशीं होता.

शाळेस योग्य त्या बिनडंखी व एकाकी माशा. एकाकी माशीला राखावयास घर असें मोठें नसतें, म्हणून ती हातांत दाबली गेल्यावांचून सहसा डंख मारीत नाहीं, आणि नर भुंग्यास तर डंखच नसतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर तिकडील बिनडंखी माशांच्या लहान पेट्या घराच्या अंगणांत व शाळांतून ठेवतात; आपल्याकडे केरळांत मातीचीं मडकीं, बांबू व लांकडी खोकीं यांत ही माशी पाळण्याची वहिवाट आहे. तरीहि एखाद्या मुलास सातेरीचा डंख झालाच तर रुतलेला कांटा नखानें खरवडून ताबडतोब काढावा, जागा धुवून थंड पाण्याची पट्टी ठेवावी. ओंठ वा चेहरा सुजला, धाप लागली, अंगावर गांधी उठल्या किंवा पुष्कळ डंख झाले, तर लोखंड घांसण्यांत वेळ न घालवितां सरळ दवाखाना गांठावा.

आवारांत काय करावें

भिंतीची दुरुस्ती निघाली कीं आधीं एका सकाळीं उन्हें वर आल्यावर मुलांना घेऊन सर्व भिंती पहाव्या. मेणाची नळी जेथें दिसेल तेथें खडूनें खूण करावी व गवंड्यास तेवढा सांधा सोडण्यास सांगावें. भिंतच पाडावयाची असेल तर कांहीं महिने आधीं त्या नळीस रबरी नळीनें एक लहान लांकडी खोकें जोडून, खोक्याच्या दुसऱ्या अंगास दार ठेवावें; माशांची ये-जा खोक्यांतून होऊं लागते व कालांतरानें त्या तेथें घर वाढवितात. हें काम धिमें आहे आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखालींच करावें. कंत्राटदार उद्यां येणार असें आज कळल्यास मात्र भिंत काळजीपूर्वक उकलून गाडगीं, अंडीं व राणी यांसकट वसाहत मडक्यांत हलविणें एवढाच उपाय उरतो, आणि तो दरवेळीं साधतोच असें नाहीं. म्हणून दुरुस्तीचा ठराव होतो त्याच बैठकींत हा विषय निघाला पाहिजे.

पानकातरीसाठीं वीतभर लांबीच्या, पेन्सिल जाईल एवढ्या पोकळीच्या बांबूच्या नळ्या, मागील बाजूस पेर राखून, जुडी बांधून, पावसाचा मारा लागणार नाहीं अशा वळचणीस पूर्वेकडे तोंड करून टांगाव्या. भुंग्यासाठीं कुंपणांत एखादें वाळकें जाड लांकूड राहूं द्यावें. आवाराच्या उन्हाच्या कोपऱ्यांत चारपांच हात जागा फरशी न घालतां उतरती व मोकळी ठेवावी. खर्च जवळजवळ कांहींच नाहीं.

झाडें निवडतांना फुलांचें वर्ष पुरें करण्याचें धोरण ठेवावें. पावसाळ्यांत परसबागेंतील वेल व तीळ. पावसाळा सरतां बोर व कारळा. थंडींत तूर, हादगा, शेवगा व मुद्दाम बियांवर सोडलेली कोथिंबीर. फाल्गुन-चैत्रांत कडुनिंब, जांभूळ, करंज. आणि पुढें चिंच. तुळस तर पाणी मिळाल्यास बारमहा मंजिऱ्या देते, आणि तिच्याइतक्या नाना जातींच्या माशा एका ठिकाणीं दुसरें कोणतेंहि लहान झुडूप गोळा करीत नसेल. तिच्या मंजिऱ्या खुडण्याची रीत धार्मिक मनास प्रिय आहे. शाळेच्या वाफ्यांत निम्म्या राहूं द्याव्या.

गांवाचा वांटा

येथवर सांगितलेलें एखादा उत्साही शिक्षक एकटाहि करील. परंतु शिक्षकाची बदली होते, आणि शाळा मे महिन्यांत बंद असते. नेमक्या त्याच महिन्यांत पाणी व फुलें यांची टंचाई सर्वांत तीव्र असते. जागतिक मधमाशी दिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनीं ठरविलेला २० मे हा दिवसहि आपल्या शाळांच्या सुटींतच येतो, त्यामुळें तो साजरा करण्याचा प्रश्न आपोआपच मिटला आहे! जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हां वाफे कोळपलेले व पाण्याचें भांडें कोरडें असतें. वर्षभराची मेहनत या सहा आठवड्यांत जाते. म्हणून सुटींतील पाणी हा या साऱ्या योजनेचा कणा आहे, आणि तें शाळेजवळ राहणाऱ्या चारपांच घरांनीं पाळीपाळीनें घातल्याशिवाय चालत नाहीं. उथळ परातींत खडे टाकून सांवलींत ठेविलेलें पाणी, व तुळस आणि शेवग्यास दिवसाआड दोन घागरी, एवढेंच काम आहे. पाळीचें कोष्टक मार्चमध्येंच ठरवून शाळेच्या व पंचायतीच्या फळ्यावर नांवांनिशीं लावावें.

हें ठरविण्याची जागा कायद्यानेंच दिलेली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें सरकारी व अनुदानित शाळांस शाळा व्यवस्थापन समिति असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणें हें तिचें काम आहे. दुरुस्ती, फरशी, वृक्षारोपण हे विषय तेथूनच जातात. बहुतेक ठिकाणीं ही समिति सह्यांपुरती उरली आहे हें आम्ही जाणतों, परंतु एखादा हातांत धरण्याजोगा, डोळ्यांनीं दिसणारा विषय मिळाला कीं अशा समित्या जाग्या होतात. आहार शिजविणाऱ्या बाया व परसबाग सांभाळणाऱ्या आया यांस कोणत्या वेलास किती फळ धरलें हें गुरुजींपेक्षां अधिक ठाऊक असतें, त्यांचें ऐकावें.

शेजारच्या मळेवाल्यांचा वांटा सर्वांत महत्त्वाचा आणि थोडा अवघड आहे. फुलोऱ्यांत फवारणी शक्यतों टाळावी. टाळतां येतच नसेल तर सूर्यास्ताच्या सुमारास, माशा घरीं परतल्यावर करावी, आणि वारा शाळेकडे वाहत असतां मुळींच करूं नये. आदल्या दिवशीं शाळेंत निरोप द्यावा म्हणजे पाण्याचीं भांडीं झांकतां येतील. हा निरोप पोहोंचविण्याचें काम मळेवाल्याच्याच मुलाकडे द्यावें. पंचायतीचा भोंगा आहेच, पण बापाला विचारणारा मुलगा भोंग्याहून प्रभावी.

हाताच्या उद्योगांतून शिक्षण द्यावें हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या शिक्षण परिषदेंतून नई तालीम निघाली, आणि त्याच गांवीं १९३४ पासून काम करणाऱ्या ग्रामोद्योग संघानें मधमाशापालनास आपल्या उद्योगांत स्थान दिलें होतें. त्या योजनेचें पुढें काय झालें हा वेगळा विषय आहे. येथें इतकेंच घ्यावयाचें कीं माशी हा पुस्तकांतील धडा होऊं नये.

मुलांसाठीं प्रयोग

तिसरीपासूनच्या मुलांस हा प्रयोग सहज करतां येतो. परसबागेंत तांबड्या भोपळ्याचा वेल असावा. मादी फुलाच्या देठाशीं चिमुकला भोपळा असतो, नराच्या देठाशीं नसतो, हें आधीं दाखवावें. हें फूल पहाटे उमलतें व दुपारच्या आंत मिटतें. म्हणून दुसऱ्या दिवशीं उमलणाऱ्या तीन मादी कळ्यांवर आदल्या संध्याकाळींच पातळ मलमलीच्या पिशव्या बांधाव्या, आणि तीन कळ्यांच्या देठांस नुसता रंगीत दोरा बांधून त्या उघड्या ठेवाव्या. आणखी तीन फुलांसहि पिशव्या बांधून सकाळीं त्या क्षणभर सोडाव्या, नर फूल खुडून त्याचा पराग आंत हातानें लावावा व पुन्हां बांधाव्या. दोन दिवसांनीं सर्व पिशव्या काढाव्या. आठदहा दिवसांत माशी न पोंचलेले भोपळे पिवळे पडून गळतात, हातानें पराग लावलेले बहुधा वाढतात, आणि उघड्या फुलांपैकीं किती धरले यावरून त्या आवारांत माशांची स्थिति कशी आहे तें कळतें. उघडीं फुलेंहि गळालीं तर शेजारच्या मळ्यांचें काय होत असेल, हा प्रश्न मुलें आपण होऊनच घरीं नेतात.

यास जोडून तुळशीच्या वाफ्यापाशीं आठवड्यांतून एकदां, ठराविक वारीं सकाळीं दहा मिनिटें बसून, मोठी काळी, निळ्या पट्ट्यांची, लहान पट्टेरी आणि चिलटासारखी अशा चार रकान्यांत माशांची मोजणी लिहावी. वही एकच असावी व ती वर्षानुवर्षें शाळेंतच राहावी. गांवांत कोणत्या दिवशीं कोणत्या मळ्यांत फवारणी झाली त्याची नोंद शेजारच्या पानावर असली म्हणजे पुढें समितीच्या बैठकींत वाद घालण्यास आधार राहतो. वेल जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर लावल्यास श्रावणांत फुलें हातीं येतात. वही मात्र वेलाची वाट न पाहतां शाळा उघडल्याच्या आठवड्यांतच सुरू करावी.